ट्रिनिटी साइट आणि न मोजलेले आकडे

जगातला पहिला अणुबॉम्ब जिथे फुटला ती जागा वर्षभर बंद असते. न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स मिसाइल रेंजच्या पोटात ती आहे, आणि रेंज अजूनही चालू असल्यामुळे एरवी कुणाला आत सोडत नाहीत. पूर्वी एप्रिल आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोन दिवस लोकांसाठी गेट उघडायचे. अलीकडे बहुतेक ऑक्टोबरातला एकच शनिवार असतो. तिकीट नाही, पण तारीख आधी बघून ठेवावी लागते. २०२३ साली 'ओपनहायमर' सिनेमा आल्यावर तर इथे इतकी गर्दी झाली की गेटवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या.

मी सध्या ऑनसाइट अल्बुकर्कीला आहे. आमच्या टीममधल्या दोघांना पटवलं आणि निघालो. दक्षिणेला साधारण दीड तास गेलं की सॅन अँटोनियो नावाचं छोटंसं गाव लागतं, तिथून पूर्वेला वळायचं आणि मग स्टॅलियन गेट. गेटपासून आत अजून १७ मैल. या वाळवंटाचं नाव होर्नादा देल मुएर्तो. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ साधारण 'मेलेल्या माणसाची वाट' असा होतो. पाण्याचा थेंब नसलेला हा पट्टा ओलांडताना जुने प्रवासी मरायचे म्हणून हे नाव. बॉम्बमुळे नाही, बॉम्ब खूप नंतर आला.

आत काय आहे? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. कुंपण, कुंपणावर लावलेले जुने फोटो, मधोमध काळ्या लाव्हा दगडाचा एक ओबडधोबड स्तंभ (१९६५ साली उभारलेला), आणि त्याच्याजवळ जमिनीतून जेमतेम वर आलेला काँक्रीटचा एक तुकडा. ३० मीटर उंचीच्या पोलादी मनोऱ्याची वाफ झाली, त्याच्या पायाचा हा तुकडा तेवढा उरला. खड्डा म्हणाल तर दिसतच नाही. जमीन किंचित बशीसारखी आहे इतकंच. एका ट्रेलरवर 'फॅट मॅन' बॉम्बचं रिकामं कवच ठेवलेलं असतं, त्याच्यासमोर लोक पोरांना उभं करून फोटो काढतात. पार्किंगजवळ हॉट डॉग मिळतात. किरणोत्साराची काळजी करू नका. इथे तासभर थांबून मिळणारा डोस एक मिलिरेमच्या आतबाहेर असतो, आणि सरासरी अमेरिकन माणसाला निसर्ग आणि एक्स-रे वगैरे धरून वर्षाला सुमारे ६२० मिलिरेम मिळतो.

पण ही जागा बघायची म्हणजे डोक्यात सगळी गोष्ट घेऊन बघायची. नाहीतर शनिवार फुकट गेला असंच वाटेल.

चाचणी लागलीच का?

हिरोशिमावर पडलेला बॉम्ब युरेनियमचा होता आणि त्याची आधी पूर्ण चाचणी झालीच नव्हती. त्याचं डिझाइन तोफेसारखं. युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर झाडायचा, बस्स. शास्त्रज्ञांना ते चालणार याची खात्री होती. पण पुरेसं युरेनियम शुद्ध करायला फार वेळ लागत होता, म्हणून दुसरी वाट होती प्लुटोनियमची. १९४४ साली लक्षात आलं की अणुभट्टीत बनलेल्या प्लुटोनियमला तोफेचं डिझाइन चालत नाही. दोन तुकडे पुरते एकत्र यायच्या आतच साखळी सुरू होते आणि सगळं फुसकं निघतं. मग त्यांनी आख्खं डिझाइन बदललं. प्लुटोनियमचा साधारण सहा किलोचा गोळा, त्याच्याभोवती स्फोटकांचे ३२ ठोकळे, आणि ते सगळे एका मायक्रोसेकंदाच्या आत एकदम उडवायचे, म्हणजे गोळा चारी बाजूंनी सारखा दाबला जातो. एक ठोकळा जरी मागेपुढे झाला तरी गेलं. असलं डिझाइन कागदावर बरोबर आहे म्हणून कुणी थेट प्रॉडक्शनला टाकत नाही. म्हणून ट्रिनिटी.

आपल्या धंद्यातल्या माणसाला या तयारीचे किस्से वाचताना फार घरचं वाटतं. ७ मे १९४५ ला त्यांनी चक्क १०८ टन टीएनटी रचून उडवलं. कशासाठी? तर मापनाची यंत्रं नीट चालतात का, माणसांची पळापळ कुठे होते ते बघायला. म्हणजे ड्राय रन! स्फोटकांच्या ठोकळ्यांत ओतकामाच्या वेळी हवेच्या पोकळ्या राहिल्या होत्या, तेव्हा जॉर्ज किस्तियाकोव्स्की नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रात्र रात्र बसून दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलने भोकं पाडली आणि त्यात वितळलेलं स्फोटक भरलं. १३ जुलैला प्लुटोनियमचा भाग बॉम्बमध्ये बसवायला गेले तर तो बसेचना. लॉस अलामॉसला तर बसत होता! कारण साधं होतं. वाळवंटातल्या उन्हात तो भाग गरम होऊन प्रसरण पावला होता आणि बॉम्बचं शरीर तुलनेने थंड होतं. दोन्ही एकमेकांना टेकवून काही मिनिटं थांबले, तापमान सारखं झालं आणि तो अलगद आत गेला.

आणि जंबो! हा २१४ टनांचा पोलादी डबा आजही पार्किंगजवळ पडलेला आहे, आपण त्याच्या आतून चालत जाऊ शकतो. कल्पना अशी होती की बॉम्ब याच्यात ठेवून फोडायचा. अणुस्फोट झालाच नाही आणि नुसतीच स्फोटकं उडाली, तर सोन्याहून महाग प्लुटोनियम वाळवंटात उधळायला नको, डब्यात गोळा करता येईल. चाचणीची वेळ येईपर्यंत प्लुटोनियमचा पुरवठा वाढला, आत्मविश्वासही वाढला, आणि जंबो वापरलाच नाही. त्याला बॉम्बपासून साधारण ८०० यार्डांवर एका मनोऱ्यात टांगून ठेवला. स्फोटात तो मनोरा मोडला, जंबो तसाच राहिला. बॅकअप प्लॅनवर केलेला इतका खर्च आणि त्याचं पुढे काहीच न होणं... ओळखीचं वाटतं ना?

१६ जुलै १९४५

आदल्या रात्री वादळ आलं. विजा, पाऊस. अशा हवेत डोनाल्ड हॉर्निग या पंचविशीतल्या तरुण शास्त्रज्ञाला मनोऱ्यावर बॉम्बशेजारी राखणीला बसवलं होतं. पत्र्याच्या खोपटात, शेजारी अणुबॉम्ब, बाहेर विजा. पहाटे चारची वेळ पुढे ढकलली गेली. तारीख मात्र ढकलायची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून जर्मनीत पॉट्सडॅमला ट्रुमन, चर्चिल आणि स्टॅलिन यांची परिषद होती, आणि ट्रुमनला त्याआधी निकाल हवा होता. डेडलाइन वरून आलेली असली की हवामान खातं काय म्हणतं याला फार किंमत राहत नाही.

साडेपाचला काही सेकंद कमी असताना बॉम्ब उडाला. ओपनहायमर दक्षिणेला नऊ किलोमीटरवरच्या बंकरमध्ये होता. साधारण ३० किलोमीटरवरच्या एका टेकडीवर एडवर्ड टेलर काळोखात तोंडाला उन्हाचं क्रीम चोपडून बसला होता. ढग बारा किलोमीटर वर गेला. जमिनीवरची वाळू वितळून तिची हिरवट काच झाली. या काचेलाच आता ट्रिनिटाइट म्हणतात. साइटवरून ती उचलणं गुन्हा आहे, पण खाली बघत चालणारे बरेच असतात.

आपल्याकडे ट्रिनिटीचा विषय निघाला की गीता येतेच. ओपनहायमर १९३०च्या दशकात बर्कलीमध्ये आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकला होता हे खरं. अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपदर्शनाची त्याला आठवण झाली, हे त्याने टीव्हीवर सांगितलं ते १९६५ साली, म्हणजे वीस वर्षांनी. शेजारी असलेला त्याचा भाऊ फ्रँक याला मात्र आठवत होतं ते एवढंच, की दोघं 'चाललं' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मला फ्रँकचं जास्त पटतं. तीन वर्षं राबून सिस्टिम पहिल्यांदा चालू झाली की माणसाच्या तोंडून आधी हेच निघतं. गीता नंतर आठवते.

काय काय मोजलं

त्या दिवशी मोजमाप किती झालं बघा. आधी शास्त्रज्ञांनी पैज लावली होती, स्फोट किती किलोटनचा होईल यावर. ओपनहायमर म्हणाला ३०० टन (किलोटन नव्हे!), टेलर म्हणाला ४५ किलोटन. इसिडोर राबी उशिरा पोचला, त्याच्या वाट्याला उरलेला १८ किलोटनचा आकडा आला आणि तोच जिंकला. एन्रिको फर्मी १६ किलोमीटरवर कागदाचे कपटे हातात घेऊन उभा होता. धक्क्याची लाट आली तेव्हा त्याने ते सोडले. कपटे अडीच मीटर सरकले, त्यावरून त्याने अंदाज केला, १० किलोटन. खिशातल्या कागदावर आलेला आकडा म्हणून हे अफाट आहे.

शिवाय पन्नासेक कॅमेरे होते. त्यांतले फोटो १९४७ साली खुले झाले. इंग्लंडमधल्या जी. आय. टेलर या शास्त्रज्ञाने त्यांवरून, आतली कुठलीही गुप्त माहिती नसताना, बॉम्बची ऊर्जा काढली आणि १९५० साली छापली. इंजिनिअरिंगला डायमेन्शनल अॅनालिसिस शिकलो होतो ते इथे कामाला येतं. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदांनी आगीच्या गोळ्याची त्रिज्या साधारण १४० मीटर होती. त्रिज्येचा पाचवा घात, गुणिले हवेची घनता, भागिले वेळेचा वर्ग. ज्यूलमध्ये उत्तर येतं, त्याचे किलोटन करा. पंचवीसच्या आसपास येईल. टेलरने स्थिरांक नीट धरून सुमारे १७ काढले. पुढे अनेक वर्षं २१ हा आकडा मानला गेला आणि अलीकडच्या अभ्यासात तो २५च्या जवळ गेलाय. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एवढंच नाही. स्फोटानंतर शिशाचं अस्तर लावलेले शेरमन रणगाडे खड्ड्यापर्यंत नेऊन मातीचे नमुने आणले. कशाचं मोजमाप करायचं राहू नये याची किती काळजी!

आणि काय राहिलं

ढग ईशान्येला गेला. तिकडे वाळवंट होतं, पण रिकामं नव्हतं. गुरं पाळणारी कुटुंबं होती, छोटी गावं होती. त्यांना आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. गरज पडली तर लोकांना हलवायला दीडेकशे सैनिक ट्रक घेऊन तयार होते, आणि मार्शल लॉ लावावा लागेल अशी कल्पना प्रकल्पप्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी गव्हर्नरला देऊन ठेवली होती. म्हणजे धोका माहीत नव्हता असं नाही. गायगर काउंटर घेऊन माणसं रस्त्यांवर फिरत होती, काही ठिकाणी आकडे बरेच वर गेले. पण कुणालाच हलवलं नाही. हलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. वर्तमानपत्रांसाठी निवेदन आधीच टाइप करून ठेवलं होतं, की दारूगोळ्याचं कोठार उडालं, कुणालाही इजा नाही.

चुपाडेरा मेसा नावाच्या पठारावर गुरांच्या पाठी भाजल्या आणि तिथे पांढरे केस उगवले. लष्कराने त्यांतली काही गुरं विकत घेतली आणि अभ्यासाला नेली. गुरं नेली, माणसांचा अभ्यास केला नाही. इथली माणसं पाणी प्यायची छपरावरून गळणारं, टाकीत साठवलेलं पावसाचं. दूध घरच्या गाईबकऱ्यांचं, भाजी परसातली. छपरावर राख पडली की ती पुढे कुठे जाते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण पोटात किती गेलं, हे त्या वेळी कुणी मोजलं नाही. अमेरिकेच्या सीडीसीसाठी झालेल्या आणि २०१० साली पूर्ण झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हेच म्हटलं, की पाणी आणि दुधातून शरीरात गेलेल्या डोसचा ट्रिनिटीच्या हिशोबांत विचारच झालेला नाही.

प्रकल्पाचे वैद्यकीय प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी चाचणीनंतर पाच दिवसांनी ग्रोव्ह्जना कळवलं होतं की धुळीचा धोका गंभीर होता, आणि पुढची अशी चाचणी करायची तर आजूबाजूला १५० मैलांत वस्ती नसलेली जागा शोधा. १९५१ साली नेवाडात नवी जागा सुरू झाली. ती लास व्हेगसपासून ६५ मैलांवर होती.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागली ती कोडॅकची गोष्ट. १९४५ साली कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर डाग येऊ लागले. ज्यूलियन वेब नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञाने शोध लावला. फिल्म ज्या पुठ्ठ्यात बांधायचे तो इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत बनला होता, गिरणी नदीचं पाणी वापरायची, आणि त्या पाण्यातून पुठ्ठ्यात उतरला होता सेरियम-१४१. हा अणुविखंडनातूनच तयार होतो. ट्रिनिटीपासून व्हिन्सेन्स सुमारे १८०० किलोमीटर! मग १९५१च्या जानेवारीत नेवाडातले स्फोट सुरू झाले आणि कोडॅकच्या रॉचेस्टरमधला बर्फ किरणोत्सारी निघाला. कंपनीने तक्रार केली, दाव्याची भाषा केली, आणि सरकारने फिल्म उद्योगाला पुढच्या चाचण्यांची आगाऊ सूचना द्यायचं मान्य केलं. फिल्मवाल्यांना कळवलं. दूध पिणाऱ्यांना नाही.

कारण उघड आहे. कोडॅककडे मोजायची यंत्रं होती, आकडे होते, वकील होते. तुलारोसा खोऱ्यातल्या कुटुंबांकडे 'राख पडली होती आणि नंतर घरात एकेकाला कॅन्सर झाला' एवढंच होतं. आकडा नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे नुकसान नाही. १९९० साली अमेरिकेने नुकसानभरपाईचा कायदा केला. त्यात नेवाडाच्या वाऱ्याखालचे जिल्हे आले, चाचणीच्या जागेवर काम केलेले आले. ट्रिनिटीच्या वाऱ्याखालचे लोक आले नाहीत. टीना कॉर्डोवा आणि फ्रेड टायलर यांनी २००५ साली तिथल्या लोकांची संघटना उभी केली. त्यांनी स्वतःच घरोघरच्या आजारांची माहिती गोळा करायला सुरुवात केली, म्हणजे साठ वर्षांपूर्वी कुणीतरी करायला हवं होतं ते काम. २०२३ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांच्या गटाने जुन्या हवामानाच्या नोंदींवरून दाखवलं की दहा दिवसांत ट्रिनिटीचा कचरा ४६ राज्यांत पोचला होता. आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये कायदा बदलला, न्यू मेक्सिकोचे लोक त्यात आले. पात्र ठरणाऱ्याला एक लाख डॉलर. स्फोटाला तेव्हा ८० वर्षं पुरी होत होती. १९४५ साली जे मोठे होते त्यांतले किती जण दावा करायला उरले असतील, हा हिशोब तुम्हीच करा.

आता पोखरण

कुणीतरी हे विचारणारच म्हणून लिहितो. १८ मे १९७४ ला आपण पोखरणला चाचणी केली तेव्हा प्लुटोनियम आपल्या ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं होतं आणि डिझाइनचं तत्त्वही हेच, चारी बाजूंनी दाबण्याचं. पण ते उपकरण जमिनीखाली १०७ मीटरवर होतं. १९९८च्या चाचण्याही जमिनीखालीच झाल्या. याचं कारण १९६३चा करार. हवेतल्या चाचण्या बंद करण्याच्या या करारावर भारतानेही सही केली होती. दुधात, हाडांत, लहान मुलांच्या दातांत किरणोत्सारी द्रव्यं सापडायला लागली, लोक संतापले आणि सरकारांना ऐकावं लागलं, त्यातून तो करार झाला. म्हणजे पोखरणचा खड्डा तेवढा खोल असण्यामागे कुणीतरी उशिरा का होईना केलेली ही मोजमापं आहेत. पुरेसं खोल होतं का, आजूबाजूच्या गावांचं काय, हे प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही. देशभक्ती कमी होत नाही त्याने.

मला ओपनहायमर आणि मंडळी राक्षस वगैरे वाटत नाहीत. युद्ध चालू होतं, हुशार माणसं होती, आणि त्यांना जे काम दिलं होतं ते त्यांनी कमालीच्या काटेकोरपणे केलं. त्यांना विचारलेला प्रश्न होता 'किती मोठा स्फोट?' त्याचं उत्तर त्यांनी पाच पद्धतींनी दिलं. 'कुणाच्या अंगावर?' हा प्रश्न स्कोपमध्ये नव्हता. आपण रोज जी सॉफ्टवेअर बनवतो त्यांत काय लॉग करायचं हे आपणच ठरवतो, आणि जे लॉग होत नाही ते झालंच नाही असं वर्षभराने सगळे, आपणसुद्धा, धरून चालतो. बॉम्बशी तुलना नको, पण सवय तीच आहे.

असो. अमेरिकेत असाल आणि जमत असेल तर जरूर जा. पाणी, टोपी न्या, पेट्रोल भरून घ्या. आणि एक करा. खुल्या दिवशी स्टॅलियन गेटजवळ बऱ्याचदा काही माणसं हातात फलक घेऊन उभी असतात. रांगेतल्या गाड्या काचा वर करून पुढे जातात. ही वाऱ्याखालच्या गावांची माणसं. आत कुंपणावर जे फोटो लावलेत त्यांत ती नाहीत, त्यांच्याशी गेटवरच बोलावं लागतं. दहा मिनिटं थांबा त्यांच्यापाशी.